खाली है

आपलं पान पाहताना अपेक्षाला आधी लाल वर्तुळ दिसलं, शब्द नंतर. चार ओळींच्या मजकुरात तेवढी एकच दुरुस्ती होती. छापलेला 'खाली' कोणीतरी लाल शाईनं आडवा खोडला होता आणि वरच्या कोऱ्या जागेत सावकाश, नेटक्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नीचे'. तिनं पान उलटून ठेवलं. मग पुन्हा सुलटं केलं, जणू मधल्या वेळात शाई आपोआप पुसली जाणार होती. वर्गात गलका चालला होता. फळ्यावर रंगीत खडूनं 'विदाई समारोह' लिहून झालं होतं आणि त्यातल्या 'दा'चा काना कोणाच्या तरी पाठीला लागून पुसला गेला होता. कोणी टाचण्या शोधत होतं, कोणी साडीच्या निऱ्या. वीरेंद्र बाकावर उभा राहून पताका बांधत होता, आणि तिथूनच तो ओरडला, "ए अपेक्षा, तुझं पान मी वाचून राह्यलो बरं! सरांनं सांगतलं. चार लाइन का है, एक साँस में हो जाएगा."

"तूच काहून?" तिनं विचारलं. आपला आवाज आपल्यालाच परका वाटला.

"माइक बिगडला तरी चालते म्हणून. माहा आवाज इथून वैनगंगेपर्यंत जाते."

सगळे हसले. तीही हसली असावी. वर्गातल्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. कार्यक्रम तीनला. खालच्या मोठ्या खोलीत सतरंज्या घालून झाल्या होत्या, आणि लांजीकडून, लामत्याकडून, कटंगीकडून पोरांचे आईबाप बसनं येऊन पोचायला लागले होते. बारावीच्या या वर्गानं नववी ते बारावीच्या दिवसांची एक पुस्तिका केली होती, प्रत्येकाचं एक पान. परीक्षेनंतर ती छापून सगळ्यांच्या हाती पडणार होती. आज तिच्यातली तीन पानं पालकांसमोर वाचायची होती. त्या तिनांत अपेक्षाचं पान मोतीलाल सरांनी निवडलं होतं. सगळ्यांच्या कच्च्या छापील पानांचा गठ्ठा सांभाळायचं, दुरुस्त्या पाहून सही घ्यायचं काम तिच्याकडे होतं. म्हणजे तीनच्या आत त्या लाल शब्दावर तिची सही व्हायची होती, आणि मग वीरेंद्र एका दमात, वैनगंगेपर्यंत जाणाऱ्या आवाजात तो शब्द वाचणार होता.

गठ्ठा छातीशी धरून ती वऱ्हांड्यात आली. वरच्या मजल्याच्या या वऱ्हांड्यातून फाटक दिसायचं. फाटकाशी मोतीलाल सर उभे होते, येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत. यंदा जूनमध्ये तेही निवृत्त होणार होते. ते हिंदी शिकवत, पण घरी मराठी बोलत, आणि वर्गातल्या अर्ध्या पोरांचं घरही तसंच आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. पुस्तिकेचं नाव काय ठेवायचं यावरून जानेवारीत केवढं भांडण झालं होतं. 'युद्ध के दिन' असं कोणीतरी म्हणालं. तेव्हा शहरातली एक मुलगी म्हणाली, "युद्ध कौन सा? वो तो टीवी पर हुआ था." मागच्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली होती आणि बालाघाटातही भोंगा वाजवून तालीम झाली होती, शहरातली मुलं गच्चीवर पाहायला धावली होती, आणि वसतिगृहातल्या नऊ जणी न सांगता न बोलता खाटांच्या खाली पालथ्या झोपल्या होत्या. नंतर त्यावर खूप चेष्टा झाली. पण त्या नऊ जणींच्या रानात जे चाललं होतं त्याला युद्ध कोणी म्हणतच नव्हतं. त्याला म्हणत 'हालात'. हालात ठीक नाहीत म्हणून बस बंद. हालात ठीक नाहीत म्हणून टॉवर बंद. नववीच्या मध्यावर गावच्या शाळेत जवान राहायला आले आणि वर्गच्या वर्ग इकडे बालाघाटला पाठवला गेला, तोही हालातमुळेच. यंदाच्या हिवाळ्यात जाहीर झालं, संपलं सगळं. शेवटच्यांनीही बंदुका ठेवल्या. त्या दिवशी जेवणघरात शिरा झाला होता. नऊ जणींनी तो खाल्ला आणि ताटं घासून ठेवली. जे कधी सुरू झालं म्हणून कोणी सांगितलं नव्हतं ते संपल्याचा आनंद कसा करायचा, हे कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी सर म्हणाले होते, "नाव राहू द्या. 'नौवीं से बारहवीं' एवढंच लिहा. आणि पान लिहिताना एकच गोष्ट लिहा, जी आजवर कुठं लिहिली नाही."

जी कुठं लिहिली नाही. सरांच्या साध्या वाक्यांचं हेच वाईट असायचं. ती वाक्यं आत जाऊन बसायची. तिनं सहा वेळा लिहून फाडलं आणि सातव्यांदा चार ओळी ठेवल्या. 'नौवीं में एक दिन किसी ने मुझसे पूछा, वहाँ कोई है? मुझे मालूम था वे कहाँ हैं। मैंने कहा, वो खाली है। चार साल से मैं यही एक जवाब दे रही हूँ।' गावाचं नाव नाही, माणसाचं नाही, झोपडीचं नाही. वाटलं होतं, ज्याला कळायचं त्याला कळेल, बाकीच्यांना कोडं वाटेल. आणि कोणाला कळावं असं वाटत होतं की वाटत नव्हतं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. आता 'खाली'च्या जागी 'नीचे' आलं आणि कोडं उरलंच नाही. वहाँ कोई है? वो नीचे है. म्हणजे दाखवून दिलं. म्हणजे बोट केलं. म्हणजे गावात चार वर्षं ज्या शब्दानं एका बिननावाच्या मुलीला शिव्या बसत होत्या, तो शब्द, मुखबीर, म्हणजे खबऱ्या, तो तिनं स्वतःच्या सहीनं कपाळावर लिहून घ्यायचा.

त्या दिवशी धान निसवलं होतं. दिवाळी तोंडावर आलेली, नाल्याला अजून पोटरीभर पाणी. ती शाळेतून बांधाबांधानं घरी येत होती, हातात चपला, कारण एका चपलेचा अंगठा तुटला होता. धानाच्या बांधीच्या कडेला पुनाराम काकांची राखणीची झोपडी, आणि झोपडीच्या मागून उतार उतरला की नाला. येताना तिनं काकांना पाहिलं होतं. ते मासे धरायचं जाळं बांबूला गुंडाळून खांद्यावर टाकून उतारानं जात होते. म्हणाले होते, "संध्या कुठं राह्यली वं? मांगं हाय का?" ती म्हणाली होती, "हौ काका, येऊन राह्यली." बस, एवढंच. मग वीस पावलांवर गवतातून माणसं उभी राहिली. उभी राहिली म्हणजे अशी, की आधी नुसतं गवत होतं आणि मग गवताला डोळे आले. पाच की सहा, जवानांच्या वर्दीतले. पुढच्याचं वय तिच्या मामेभावाएवढं असेल. ओठावर घामाचे थेंब. तीन दिवसांपूर्वी पलीकडच्या टेकडीवर गोळीबार झाला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यानं झोपडीकडे हनुवटी केली आणि अगदी हळू विचारलं, "वहाँ कोई है?" आणि अपेक्षानं, शाळेत शिकवलेल्या अदबीनं, हिंदीत उत्तर दिलं, "वो खाली है."

खरं तर त्या वाक्यात फक्त 'वो' आणि 'है' हिंदी होते. मधला शब्द घरचा होता. आई रोज ओरडून म्हणायची तो, अप्पू खाली उतर, ताट खाली ठेव, खाली पाहून चाल. काका झोपडीत नाहीत, खाली नाल्यावर आहेत, एवढंच तिला सांगायचं होतं. त्या मुलानं मान हलवली, खांद्यावरच्या बिनतारी यंत्रात म्हणाला, "खाली है. खाली है," आणि तिला हातानं जायची खूण केली. ती गेली. पळाली नाही, पळू नये असं कोणीतरी सांगितलं होतं. तुटक्या चपलेकडे पाहत चालत राहिली. शंभर पावलं झाली असतील नसतील, मागं एकच आवाज झाला. एकच. बगळे उडाले आणि पुन्हा बसलेसुद्धा. बगळे इतक्या लवकर बसले याचा तिला नंतर कित्येक दिवस राग येत राहिला, जणू अपराध बगळ्यांचा होता.

त्यांनीच काकांना कांबळ्यात घालून गाडीपर्यंत नेलं. ज्यानं गोळी झाडली तो मुलगा, लोक सांगत, बांधावर बसून ओकत होता. खांद्यावर लांब काहीतरी घेतलेला माणूस बांबूच्या बेटातून एकदम वर आला, आणि तिथं कोणी नाही असं त्यांना सांगण्यात आलेलं होतं. डावा पाय मांडीपासून काढावा लागला. चौकशीला माणसं आली तेव्हा गावात एवढंच वाक्य पोचलं, 'एक लड़की ने बताया था.' काय बताया, ते वाक्याबरोबर आलं नाही. वाटेत कुठंतरी गळून पडलं. गावानं ते आपल्या मनानं भरून घेतलं. पोरीनं सांगतलं. पोरगी मुखबीर. त्या दिवसांत तो शब्द पोराटोरांनीही मोठ्यानं उच्चारायचा नव्हता. रानातले बंदूकवाले दादालोक मुखबिराचं काय करतात, त्याची चिठ्ठी झाडाला लावलेली तिनं सहावीत असताना पाहिली होती. आई, सरिताबाई, चुलीपुढून न उठता म्हणाली होती, "तू त्या वाटेनं आलीच नाही. तू सडकेनं आली. काय म्हटलं मी?"

"सडकेनं आली."

"अजून एकदा म्हण."

"सडकेनं आली, माय."

"आता जेव." आणि आईनं वाढलेलं ताट खाली ठेवलं.

दोन वर्षं तिनंही तेच मानलं, की आपणच दाखवून दिलं. खाली म्हटलं, ते खाली गेले, आणि काका खाली होते. सरळ हिशोब. मग अकरावीत एका शनिवारी मोतीलाल सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. दर शनिवारी शेवटच्या तासाला ते 'दुतोंडी शब्द' घेत, हिंदीत एक तोंड आणि मराठीत दुसरं. पोरांना हा तास आवडायचा. "शिक्षा," सर म्हणाले, "हिंदीत घ्यायला शाळेत येता, आणि मराठीत भोगायला." हशा. "चेष्टा. हिंदीत प्रयत्न, म्हणून कौतुकाची, मराठीत मार खायची." पुन्हा हशा. मग खडू वळवून त्यांनी लिहिलं, 'खाली', आणि रेघेच्या इकडे 'रिक्त', तिकडे 'नीचे'. वीरेंद्र म्हणाला, "सर, माह्या आजीले एकदा कंडक्टर म्हणे, अम्मा, सीट खाली है, तं ते खालीच बसली, बसच्या पत्र्यावर." सगळा वर्ग खिदळत होता आणि अपेक्षाच्या कानात कोणीतरी यंत्रात बोलत होतं, खाली है, खाली है. ती पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेली आणि नळाला धरून उभी राहिली. म्हणजे तसं नव्हतं तर. तिनं दाखवलं नव्हतं. त्यांनी 'रिकामं' ऐकलं. झोपडी रिकामी, मागं कोणी नाही, आणि म्हणून जो वर आला तो वैरी. तिला वाटलं, आता हलकं वाटेल. वाटलं नाही. बोट दाखवून माणसाला मारणं आणि माणूस नाहीच असं म्हणून त्याला मारणं, यांत कमी काय आणि जास्त काय? पण एक गोष्ट नळाच्या थंड पाण्यात तिला पक्की कळली. त्या सगळ्या प्रकारात खरं असं जे काही होतं, ते त्या एकाच शब्दात होतं. तो शब्द जसाच्या तसा राहिला तरच कोणाला कधी कळेल. बदलला, की झालं.

आणि आज तो बदलला होता.

दीड वाजून गेला. वऱ्हांड्याच्या कठड्यावर गठ्ठा ठेवून ती पानं उलटत गेली. दुसऱ्या कोणाच्या पानावर असंच लाल अक्षर आहे का, हे पाहायचं होतं. सरांच्या दुरुस्त्या बारीक, तिरप्या. वीरेंद्रनं जिथं तिथं उद्गारचिन्हं घातलेली. त्याचं स्वतःचं पान हेलिकॉप्टरवर होतं, डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ते भरलेलं की रिकामं ते कसं ओळखायचं. अंकितनं लिहिलं होतं की गणितात नापास झाल्यावर त्यानं घरी सांगितलं, हालात ठीक नव्हते. एका मुलीनं नुसती यादी केली होती, बंद पडलेल्या बसगाड्यांची वेळेसकट. शेवटाकडे संध्याचं पान होतं. पुनाराम काकांची मुलगी संध्या, तिच्या बाकावरची, तिच्या खोलीतली. वर्गात हिंदी सगळ्यांत चांगलं तिचं. आज चार वर्षं दोघी एका ताटात जेवत. जिन्यावरून संध्याचं दप्तरही अपेक्षा उचलायची, आणि मुली म्हणायच्या, "सून लागून गेली का वं तिची?" संध्याच्या पानावर एकही दुरुस्ती नव्हती. तिनं लिहिलं होतं, 'मेरे पिताजी के बारे में सब जानते हैं। मैं उस लड़की के बारे में लिखती हूँ जिसे कोई नहीं जानता। वह हमारे ही गाँव की थी। उसने बताया, और वह घर जाकर सो गई होगी। मैं उससे एक बार मिलना चाहती हूँ। बस इतना पूछना है कि नींद आई क्या।'

अपेक्षानं ते पान दोनदा वाचलं. 'नहीं'मधल्या 'हीं'कडे तिची नजर अडली, मग 'नींद'कडे. संध्यानं छपाईआधी हातानं लिहून दिलेला मूळ कागद पानामागं टाचलेला होता, आणि तिची वेलांटी सगळ्यांपेक्षा वेगळी होती, शेवटी आत वळवून बंद केलेली, गोगलगाईसारखी. अपेक्षानं आपलं पान काढून शेजारी धरलं. 'नीचे'. गोगलगाय तिथंही होती.

म्हणजे तिनं वाचलंय. वाचलंय, आणि खोडलंय. परवा गठ्ठा तपासायला तिच्याकडे होता, तेव्हापासून वाचलंय? कालचा भात दोघींनी एकत्र खाल्ला तेव्हा वाचलेलं होतं? सकाळी तिनंच अपेक्षाच्या साडीला टाचणी लावली, म्हणाली, "हालू नोको, टोचन." तेव्हा? आणि कळलं असेल तर मग 'नीचे' कशासाठी? माझ्याकडून वदवून घ्यायला? सगळ्या गावासमोर, तिच्या बापासमोर, वीरेंद्रच्या आवाजात? की नाहीच कळलं, नुसतं व्याकरण सुधारलं? दोन्हींपैकी कोणतं बरं, याचा विचार करताना तिला दिसलं की आपण पुन्हा तिथंच उभ्या आहोत, एक शब्द आणि त्याची दोन तोंडं, आणि आपल्याला माहीत नाही समोरच्यानं कोणतं पाहिलं. सही केली तर संपतं. नीचे. चार ओळी, एक दम. कोणी ओळखेल, कोणी नाही. 'हे पान नको' म्हणून सरांना सांगितलं तर तेही संपतं. सर विचारणार नाहीत, पान बाजूला ठेवतील आणि पुढल्या चार वर्षांसाठी ती पुन्हा सडकेनं घरी येईल. सडकेनं आली, माय. सही करायला पेन उघडलं तेव्हा लक्षात आलं, आपलं पेन निळं आहे.

संध्या वर्गात एकटीच होती. बाकी सगळे सतरंज्यांकडे पळाले होते. ती फळ्यावरच्या 'दा'चा पुसलेला काना पुन्हा काढत होती, टाचा उंचावून, आणि साडीचा पदर तिनं कमरेला आवळून खोचला होता.

"सही झाल्या का सबन्याईच्या?" तिनं मागं न पाहता विचारलं. "बा आला वाट्टे. आता गाडीचा आवाज आला मले."

"लाल पेन दे."

"काहून?"

"टिंबं द्याची हायेत."

हे सरांनीच शिकवलेलं होतं. छापायच्या कागदावर चुकून काही खोडलं गेलं तर ते पुन्हा लिहायचं नाही. खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची. त्याचा अर्थ, जसं होतं तसं राहू दे. संध्यानं कमरेच्या बटव्यातून पेन काढून दिलं आणि वाकून पाहिलं. अपेक्षानं खोडलेल्या 'खाली'च्या खाली पहिलं टिंब दिलं.

"अवं, ते काहून राखतं? हिंदी हाय ना ते," संध्या म्हणाली. "आपल्यासारखं घरचं घुसवून ठेवतं तू मदातच. खाली लिवशीन तं हे शहरातले लोक रिकामं समजतीन. म्हणून नीचे केलं म्या. बेचाळीस पानं तपासले, डोळ्याचा भुगा झाला."

"म्या नीचे नाही म्हटलं."

"मंग?"

"खाली म्हटलं. त्यानं इचारलं, वहाँ कोई है? म्या म्हटलं, वो खाली है."

संध्या हसली. खरंच हसली, तिची हसण्याची रीतच तशी होती, आधी नाकातून. "मंग काय! त्या गधड्यानं रिकामंच समजलं असन ना..." आणि 'ना' तिच्या तोंडात तसंच राहिलं. फळ्यावर टेकलेला खडू तिनं खाली केला नाही. खालून सतरंजी झटकल्याचा आवाज आला, एकदा, आणि दुसऱ्यांदा. अपेक्षाला वाटलं, आता आपण काहीतरी बोलायला हवं, आणि कळलं की बोलायचं ते सगळं झालं आहे.

"कोन्त्यानं समजलं?" संध्यानं विचारलं. आवाज अगदी हळू होता, गवतातल्या त्या मुलासारखा.

अपेक्षानं लाल पेनाला टोपण लावलं.

"नाल्यावरची झोपडी?"

"हौ."

"सडकेनं आलती म्हणे ना तू. मायनं तुह्या सांगतलं होतं."

"बांधानं आली. काका खाली गेलते जाळं घेऊन. मले तेच सांगाचं होतं. का ते खाली हायेत."

संध्यानं तिच्या हातून पान घेतलं. ओठ हलवत, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावत, तिनं चारही ओळी वाचल्या. बेचाळीस पानं तपासताना जे वाचलं नव्हतं ते आता वाचलं. तिची मान हळूहळू तांबडी होत गेली. अपेक्षानं तिच्या हातांकडे पाहिलं, मारेल तर मारू दे म्हणून गाल पुढं करावा असं तिला वाटलं, आणि तसं वाटण्याचीही लाज वाटली. संध्यानं मारलं नाही. तिनं लाल पेन मागायला हात पुढं केला, पान बाकावर टेकवलं आणि त्या एका टिंबाशेजारी दुसरं दिलं, तिसरं दिलं. तिसऱ्याला कागद फाटला.

"झोप आली का तुले?" तिनं मान वर न करता विचारलं.

"त्या दिवशी आली," अपेक्षा म्हणाली. "मंग नाही."

जिन्यावरून वीरेंद्र दोन दोन पायऱ्या चढत आला, दारातून डोकं घातलं, "पान? सर माँग रहे हैं!" आणि दोघींचे चेहरे पाहून काय समजला कोण जाणे, "बरं बरं, भांडून घ्या आदी," म्हणत परत उतरला. त्याच्या पायांचा आवाज थांबेपर्यंत संध्या थांबली. मग तिनं पान घडी न करता अपेक्षाच्या हातात ठेवलं.

"मले काहून सांगतं?" ती म्हणाली. "टांग माही गेली का? मी तं नुस्ती शिव्या देत होती चार वर्सं." तिनं फळ्याकडे तोंड केलं. "तीनच्या आंधी सांग. त्यानं वीरेंद्रच्या तोंडून आयकू नये. जिना चढता येत नाही त्याले. बा खाली हाय."

अपेक्षा जिन्याशी आली. इतक्या वर्षांत या पायऱ्या किती वेळा उतरली असेल, पण आज प्रत्येक पायरी स्वतंत्र होती, आणि पहिल्या पायरीच्या आधी एक न दिसणारी पायरी होती. ती तिथं थांबली. खाली, जिन्याच्या तोंडाशी, सरांनी एक खुर्ची मांडून दिलेली दिसत होती, तिला टेकलेली कुबडी, धुतलेलं पांढरं धोतर, एका बाजूला दुमडून खोचलेलं. माणसाचा चेहरा वळणाआड होता. मागं फळ्यावर खडू चालत नव्हता. संध्याही ऐकत उभी होती. कुबडी फरशीवर एकदा आपटली. पुनाराम काकांना वर कोणीतरी उभं असल्याची चाहूल लागली असावी. रानातल्या माणसाला लागते तशी.

"वर कोनी हाय का वं?" त्यांनी विचारलं.

न दिसणारी ती पायरी अपेक्षा उतरली.

"हौ काका," ती म्हणाली, "मी हाय. अपेक्षा. खाली येऊन राह्यली."